शब्दचर्चा : सांधा कुठला? सोल्डर करायचा की बदलायचा?

रेघोटी
घरात मांडायच्या छोट्या, नमुन्याच्या रेल्वेची मांडणी कशी उभारायची याची एक मार्गदर्शिका मराठीत आणते आहे. एचओ माप (खऱ्या गाडीच्या १:८७), लवचीक रूळ, प्लायवूडचा पाया. मसुद्यात दोन वाक्यं लागोपाठ आली : ‘वळणावरचे सांधे आधी सोल्डर करा, मग रूळ वाकवा. सांध्यापाशी खडीवर गोंद जपून सोडा.’ (सोल्डर म्हणजे वितळवलेल्या धातूने पक्कं जोडणं.) पहिला सांधा म्हणजे दोन रुळांची टोकं भिडतात आणि पत्र्याची बारीक पट्टी सरकवतात ती जागा. दुसरा म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते तो. मसुदा तपासणाऱ्याने समासात लिहिलं : ‘सांधा सोल्डर केला तर तो बदलणार कसा?’
मूळ मजकुरात जॉइंट आणि टर्नआउट असे दोन शब्द आहेत, मराठीत दोन्ही सांधेच. यातून वाट कशी काढावी?

जुनाकंदील
दुसऱ्या अर्थाला हात लावू नका. ‘गाडीने सांधा बदलला’ हे मराठीत इतकं मुरलंय की रुळांशी संबंध नसलेली माणसंही ‘बोलण्याने सांधा बदलला’ म्हणतात. सांधेवाला त्यातूनच आला. पहिल्यासाठी ‘जोड’ घ्या. ‘वळणावरचे जोड सोल्डर करा’ म्हटलं की कुणाचा घोळ होणार नाही.

तारजोड
जोड चालेल, पण पुढच्याच पानावर अडेल. छोट्या रेल्वेत तीन तऱ्हेचे जोड असतात : पत्र्याची पट्टी नुसती सरकवलेला, सरकवून सोल्डर केलेला, आणि प्लास्टिकच्या पट्टीचा. प्लास्टिकची पट्टी रूळ एका रेषेत धरते पण वीज पलीकडे जाऊ देत नाही. मग ‘न जोडणारा जोड’ म्हणायचं का?
हा प्रश्न नुसता भाषेचा नाही. ज्या सांध्यात फ्रॉग, म्हणजे आतले रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, धातूचा आणि वीज खेळणारा असतो, तिथे फ्रॉगमधून निघणाऱ्या आतल्या दोन्ही रुळांना प्लास्टिकच्या पट्ट्याच लावाव्या लागतात. पलीकडून वीज पुरवली असेल आणि तिथे धातूची पट्टी बसली, तर सांधा एका बाजूला वळवला की शॉर्ट. ‘सर्व जोड धातूचे घ्या’ असं कुणी मोघम लिहिलं की वाचणारा नेमका तिथे फसतो.

शब्दनिष्ठ
तिसऱ्याला ‘फट’ म्हणा. ‘इथे फट ठेवा.’ वीज तुटते हे त्यात आलंच. आणि जॉइनर (जोडाची पट्टी), फ्रॉग, टर्नआउट हे सगळं देवनागरीत उतरवून मोकळं होण्याला अनुवाद म्हणत नाहीत. टर्नआउटला ‘मार्गबदल’ करा आणि सांधा हा शब्द जोडासाठी मोकळा ठेवा. सांधा संधीवरून आला, संधी म्हणजे जुळणी. मूळ अर्थ जुळण्याचा आहे, बदलण्याचा नाही.

तारजोड
फट नको. फट आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेली आहे. रूळ प्रसरण पावतील म्हणून मध्ये अर्धा मिलिमीटर मोकळी जागा सोडतात तीही फट, आणि तिथे वीज तुटू द्यायची नसते. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ २० अंश तापमान वाढलं तर साधारण एक तृतीयांश मिलिमीटर लांबतो. खरा त्रास लाकडी पायाचा. हवा कोरडी पडली की लाकूड आकसतं, रूळ आकसत नाहीत आणि फट नसेल तर बाजूला फुगतात. म्हणून सरळ भागातले सगळे जोड सोल्डर करायचे नसतात. काही नुसते सरकते ठेवायचे, आणि पट्टीतून वीज जाईल या भरवशावर न राहता रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची तार द्यायची. पट्टी सैल होते, गंजते, तिच्यात रंग आणि गोंद शिरतो. चार महिन्यांनी गाडी एकाच जागी अडखळू लागते ती यामुळे.

जुनाकंदील
मूळ अर्थाचं म्हणाल तर शरीराकडे बघा. गुडघ्याचा सांधा जोडतोही आणि वळतोही. जखडला की दुखणं. सांधा म्हणजे हलता जोड. जोड म्हणजे बसलेला, न हलणारा. रुळांना हा फरक तंतोतंत लागू पडतो, त्यामुळे ‘मार्गबदल’ घडवायची गरजच नाही.

रंधा
हा नियम सुतारकामात पहिल्याच दिवशी मोडतो. कुसाचा सांधा हलला तर चौकट बाद. नळाचा सांधा हलला तर पाणी गळतं. घट्ट बसणं हीच त्या सांध्यांची परीक्षा. एकट्या गुडघ्यावरून व्याख्या करू नये.

मितीमापक
दोन्ही बाजू सांध्याची रचना न बघता बोलताहेत. टर्नआउटमध्ये दोन बाहेरचे रूळ अखंड जातात. त्यांच्या आत दोन निमुळते रूळ, त्यांना जिभा म्हणतात. जिभा आडव्या पट्टीने एकमेकींना बांधलेल्या असतात. पट्टी सरकली की एक जीभ आपल्या बाहेरच्या रुळाला चिकटते आणि दुसरी सुटते. म्हणजे तिथे जोडच बदलतो : आधी डावी जीभ जोडलेली होती, आता उजवी. ‘सांधा बदलणे’ म्हणजे अक्षरशः हेच. शब्दनिष्ठांचा संधी आणि कंदीलांचा गुडघा, दोघांनाही इथे जागा आहे.
जीभ चिकटते म्हणजे पूर्ण चिकटावी लागते. केसाएवढी फट राहिली तरी चाकाची कड जिभेच्या टोकामागे शिरते आणि डबा घसरतो. नखाने जीभ ढकलून बघा : सहज मागे जात असेल तर स्प्रिंगचा किंवा मोटारीचा दाब कमी पडतोय. सॉलेनॉइडने (तारेच्या गुंडाळीच्या विद्युतचुंबकाने) फिरवत असाल तर वीज क्षणभरच द्यायची, बटण दाबून धरलं तर गुंडाळी जळते.

रेघोटी
जीभ हा शब्द घेतला. आता फ्रॉगचं सांगा. आतले दोन रूळ एकमेकांना छेदतात ती टोकदार जागा. ‘बेडूक’ लिहिलं तर लहान मुलांचं पुस्तक वाटेल.

शब्दनिष्ठ
‘छेद’. रूळ रुळाला छेदतो. दोन अक्षरं, अर्थ उघड.

तारजोड
‘छेदाला वीज द्या’ हे वाक्य मोठ्याने वाचून बघा. वाचणारा भोक शोधत बसेल. फ्रॉगच ठेवा. इंग्रजीतही हे नाव घोड्याच्या खुरातल्या त्रिकोणी भागावरून आल्याचं सांगतात, पाण्यातल्या बेडकाशी त्याचा संबंध दूरचाच. ज्याला सांधा विकत घ्यायचा आहे त्याला वेष्टनावर ‘इलेक्ट्रोफ्रॉग’ (वीज खेळणारा), ‘इन्सुलफ्रॉग’ (वीज न जाणारा) असलीच नावं दिसणार. मराठी शब्द शिकून तो चुकीचा सांधा घेऊन येईल.

रंधा
क्रमांकाला मात्र मराठी तयार आहे. सहा नंबरचा टर्नआउट म्हणजे ‘एकास सहा’ : सहा एकक पुढे गेलं की मार्ग एक एकक बाजूला. सुतार उतार असाच बोलतो. एकास चारचा सांधा जागा कमी खातो, पण लांब डबे त्यावर वेडेवाकडे झुकतात. लांब डब्यांसाठी एकास सहा किंवा त्याहून सौम्य घ्यावा. दोन सांधे उलटसुलट लागोपाठ येत असतील तर मध्ये सर्वांत लांब डब्याइतका सरळ रूळ हवा, नाहीतर एका डब्याचं टोक डावीकडे आणि पुढच्याचं उजवीकडे ओढलं जातं.

खडीवाला
रेघोटी, तुमचं दुसरं वाक्य शब्दापेक्षा मजकुरात कच्चं आहे. ‘गोंद जपून सोडा’ एवढ्याने कुणाचाच सांधा वाचणार नाही. असं लिहा :
सांध्यावर खडी कोरडीच पसरा. जिभांच्या टोकापाशी आणि आडव्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक स्लीपरभर (रुळाखालच्या एका आडव्या फळीएवढी) जागा जवळजवळ रिकामी ठेवा, तिथे खडीऐवजी त्याच रंगाचा हात फिरवा. मऊ ब्रशने रुळांच्या आतल्या कडा झाडा. मग आधी ओल द्या : पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, बारीक फवाऱ्याने. ओल न देता गोंद टाकला तर त्याचे मणी होतात, खडी त्यांच्यावर तरंगते आणि वाळल्यावर खड्डे दिसतात. त्यानंतर पांढरा गोंद, एक भाग गोंदाला दोन भाग पाणी, ड्रॉपरने स्लीपरच्या कडेकडेने. जिभांखाली कधीच नाही. गोंद वाळेपर्यंत दर दहा-पंधरा मिनिटांनी सांधा दोन्हीकडे फिरवत राहा. गोंद ओल्या खडीतून आपोआप पुढे ओढला जातो. थेंब चार सेंटिमीटर लांब टाकला तरी तो जिभेखाली पोचतो, तेव्हा लांबून टाकलाय म्हणून निर्धास्त राहू नये.

शब्दनिष्ठ
खडी की गिट्टी?

खडीवाला
दोन्ही चालतात. मुख्य म्हणजे दाणा मापात हवा. मोठ्या रेल्वेचा दगड साधारण ५० मिलिमीटर धरला तर १:८७ ला तो सहा दशांश मिलिमीटर होतो, म्हणजे रवाळ वाळू. बाजारात ‘एचओ’ म्हणून मिळणारी खडी पुष्कळदा याहून भरड असते आणि मग रुळांच्या मध्ये धोंडे पडल्यासारखे दिसतात. शंका आली तर एन मापाची, म्हणजे एचओहून लहान रेल्वेची, खडी घ्या.

मितीमापक
इथे ‘माप’ शब्द तीनदा आला आणि तिन्हीदा वेगळ्या अर्थाने. मार्गदर्शिकेत हे आधी निस्तरा. प्रमाण वेगळं, गेज (दोन रुळांमधलं अंतर) वेगळा. एचओचं प्रमाण १:८७, गेज १६.५ मिलिमीटर. मोठ्या रेल्वेचा प्रमाणित गेज १४३५ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागलं की १६.५ येतात, म्हणजे दोन्ही जुळतात. ब्रिटिश डबलओचा गेज तोच १६.५, प्रमाण मात्र १:७६.२. म्हणजे त्या प्रमाणात रूळ अरुंद पडतात : १६.५ ला ७६.२ ने गुणलं तर १२५७ येतात, १४३५ नाही. दोन्हींची गाडी एकाच रुळावर धावते आणि शेजारी उभी केली तर एक थोराड दिसते. दोन्हींना ‘माप’ म्हणत राहिलात तर हे समजावताच येणार नाही. शिवाय कोड आहे. कोड १०० म्हणजे रुळाची उंची इंचाच्या शंभर सहस्रांश, २.५ मिलिमीटर. कोड ८३ म्हणजे २.१. दोन्ही साध्या पट्टीने जोडले तर जोडावर पायरी उरते, त्याला वेगळी पट्टी लागते.

जुनाकंदील
गेजला ‘मापी’ आहेच की. मीटरमापी, अरुंदमापी.

मितीमापक
तो प्रत्यय आहे. ‘याची मापी किती’ असं कुणी विचारत नाही.

शब्दनिष्ठ
आणि एचओ हे लिहिणंच मुळात चुकीचं. जुन्या खेळगाड्यांचे गेज मार्क्लिन या जर्मन कंपनीने १८९१ मध्ये अंकांनी ठरवले. पुढे लहान गेजची गरज पडली तेव्हा शून्य आला आणि त्याचा अर्धा तो एच-शून्य. जर्मनीत आजही ‘हा-नुल’ म्हणतात. इंग्रजीने शून्याचा ओ केला. मराठीत शून्य उच्चारायला कुणाची हरकत आहे?

तारजोड
दुकानदाराची. शून्य म्हटलं तर तो ओ गेजचा डबा काढेल, ३२ मिलिमीटरवाला.

शब्दनिष्ठ
म्हणून तर ‘एच’ लावायचा. अर्धा शून्य.

जुनाकंदील
अर्धा शून्य म्हणजे शून्यच.

रेघोटी
आता वाक्य असं केलंय : ‘वळणावर येणारे दोन तुकडे सरळ ठेवून त्यांचे जोड सोल्डर करा, मगच वाकवा. आतला रूळ टोकाला पुढे येईल, तो कापून कानशीने घासा. सांध्याच्या जिभांना गोंद लागू देऊ नका.’ प्लास्टिकच्या पट्टीला ‘विलग जोड’ लिहिलंय.

रंधा
‘विलग’ आणि ‘जोड’ एकत्र नांदणार नाहीत. ‘प्लास्टिकची पट्टी’ लिहा, सगळ्यांना कळेल. आणि सोल्डर करताना बाजूच्या दोन स्लीपरांवर ओला कापूस ठेवा हे घाला, नाहीतर प्लास्टिक वितळून रूळ आत सरकतो आणि गेज कमी होतो.

शब्दनिष्ठ
‘विलग जोड’ मला पटला. ‘फट’पेक्षा बरा आहे. ‘सोल्डर’ला मात्र ‘डाख’ असताना ‘सोल्डर’ का?

तारजोड
‘डाख देणे’ मान्य. पण मग फ्लक्सला, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून आधी लावतात त्याला, काय म्हणणार?