आबाजींच्या नाकातून अळ्या पडल्या, काय करावं?

सोयाबीनवाला (यवतमाळ जिल्हा): आबाजी सत्तरीच्या वरचे, कुष्ठरोगाचा कोर्स लय आधी पूर्ण झाला, पण बोटं बधिर आन नाक मधात बसलेलं. आठवडाभर नाकातून घाण वास येऊन राह्यला होता, रक्तबी. आज शिंकरले तर पांढऱ्या अळ्या पडल्या. लोक म्हणतात रोग उलटला, आजी रडून राहिली, एक जण म्हणते रॉकेल टाका. घरात लहान पोरं आहेत, त्यांना होईल काय?

आरोग्यसेवक_पीएचसी: रॉकेल बिलकुल नको भाऊ, फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेतते. आजच कान-नाक-घसावाल्या डॉक्टरकडे न्या, यवतमाळचं मेडिकल नाहीतर वर्ध्याकडचे सावंगी, सेवाग्रामचे दवाखाने, जे जवळ पडते ते. ते औषध सोडून अळ्या बाहेर काढतात, दुर्बिणीतून पाहून चिमट्यानं एकेक, सोबत आयव्हरमेक्टिनची गोळी आन अँटिबायोटिक. एका खेपेत सगळ्या निघतच नाहीत, म्हणून परत बोलावतात, तवा जाच. डोळा सुजला, ताप आला का डोकं जोरात दुखलं तर रात्रबी काढू नका, ह्या अळ्या जितं मांस खातात, टाळूला भोक पडते, डोळ्यापर्यंत, मेंदूपर्यंत जातात.

वर्धेकरीण: रोग नाही उलटला दादा, आजीला हे आधी सांगा. एमडीटीनं, म्हणजे कुष्ठरोगाच्या कोर्सच्या गोळ्यांनी, जंतू मरतात, पण नाकाच्या आतलं जे आधीच खराब झालं ते तसंच राहते. खपल्या धरतात, वास सुटतो, माणसाला स्वतःला तो वास येत नाही आन माशी बसली तरी कळत नाही. तिनं अंडी घातली का दिवसभरात अळ्या. पोरांना आबाजींपासून अळ्या लागत नाहीत आन कोर्स झालेल्या माणसापासून कुष्ठरोगबी नाही. ताट वेगळं करू नका, हात जोडते. वर्ध्याजवळच्या दत्तपूरचं कुष्ठरोग्यांसाठीचं काम १९३६ पासून, बाबा आमट्यांचं आनंदवनबी लय वर्षांपासून, तरी आपल्या विदर्भात अजून हे सांगावं लागते याचं लय वाईट वाटते.

आरोग्यसेवक_पीएचसी: बरं झाल्यावर डॉक्टरला विचारून उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं रोज नाक धुवायचं, नाकात बोट घालू द्यायचं नाही, बधिर बोटानं जखम होते. खाट गोठ्यापासून दूर, दुपारी झोपले तरी मच्छरदाणी लावा.

सोयाबीनवाला: यवतमाळले आणलं. बऱ्याच अळ्या निघाल्या, भरती करून घेतलं, उद्या परत पाहणार म्हणे. आबाजी चहा प्याले. आजीला फोनवर समजावलं.