सुपरमार्केटमधली स्वस्त कॉफी: चिकोरीवाली घ्यावी का?

पाणपोई
महिन्याचं सामान भरताना कॉफीची पुडी उलटून मागचं वाचल्याशिवाय ती ट्रॉलीत टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. कॉफीत चिकोरी, म्हणजे भाजलेल्या मुळाची पूड, मिसळलेली असेल तर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के हे छापावंच लागतं. कायद्याने कॉफी किमान ५१ टक्के हवी, म्हणजे जवळपास निम्मी चिकोरी घालूनही ती पुडी कॉफीच्याच फळीवर बसते. ब्रू इन्स्टंटवर ७०:३० असं छापलेलं मी वाचलंय, त्यांच्याच फिल्टरच्या ग्रीन लेबलवर ५३:४७. नेसकॅफे क्लासिक आणि ब्रू गोल्डमध्ये चिकोरी नसते.

आता हिशोब बघा. ७०:३० च्या २०० ग्रॅममध्ये कॉफी १४० ग्रॅमच. भाव काढायचा तो या १४० वर. तसा काढला की स्वस्त आणि महाग यांतलं अंतर बरंच कमी होतं. मी बिनचिकोरीची साधी इन्स्टंट घ्या म्हणेन. तुमचं काय मत?

सायंतारा
साफ असहमत. तुम्ही काळ्या कॉफीचा हिशोब मांडताय. आमच्याकडे कॉफी म्हणजे म्हशीचं दूध, साखर आणि वरून किसलेलं जायफळ. त्यात शुद्ध इन्स्टंट घातली की दुधाला नुसता रंग येतो, चव मागे पडते. चिकोरीने दाटपणा येतो, किंचित कडवट-गोड चव येते, आणि ती दुधासाखरेला पुरून उरते. चिकोरी म्हणजे काही भेसळ नव्हे, झाडाचं मूळ भाजून केलेली पूड आहे. गुजरात, उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. शिवाय तिच्यात कॅफीन नसतं, त्यामुळे रात्री जेवणानंतर कॉफी करायची तर मला मिश्रणच बरं वाटतं.

पाणपोई
@सायंतारा, भेसळ मी म्हटलेलंच नाही. चव आवडते म्हणून घ्या, जरूर घ्या. पण 'स्वस्त पडते' हे कारण देऊ नका, माझा आक्षेप तेवढाच आहे.

सायंतारा
पण स्वस्त पडतेच! चिकोरीमुळे एका चमच्यात कप गडद होतो. शुद्ध इन्स्टंटचा मला दीड चमचा लागतो. तुमच्या १४० ग्रॅमच्या हिशोबात हा अर्धा चमचा कुठे धरलाय?

कावेरीकाठ
दोघंही इन्स्टंटवरच अडलात. मी मराठी, पण संसार बंगळुरूत, आणि इथे राहून एक कळलं की कमी पैशात चांगली कॉफी हवी तर फिल्टरची पूड घ्यावी. ८५:१५ किंवा ८०:२० बघा, कोथाससारखी नावं आता पुण्या-मुंबईतही दिसतात. स्टीलचा फिल्टर एकदाच घ्यायचा, वर्षानुवर्षं टिकतो. वरच्या भांड्यात पूड हलकेच दाबा, फार दाबली तर थेंब उतरत नाही. वर चकती ठेवा, उकळी बसलेलं पाणी हळूहळू ओता, झाकण लावून पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. खाली जो काढा उतरतो त्याच्या वासापुढे कुठलीही बरणी फिकी आहे. आणि १५ टक्के चिकोरी इथे हवीच, तिच्यामुळे पाणी सावकाश उतरतं आणि काढा घट्ट होतो.

हिशोबनीस
@कावेरीकाठ, चवीबद्दल मान्य, स्वस्ताईबद्दल नाही. फिल्टरला कपामागे साधारण १० ग्रॅम पूड लागते, इन्स्टंट २ ग्रॅम पुरते. म्हणजे १०० ग्रॅममध्ये तिकडे दहा कप, इकडे पन्नास. किलोचा भाव बघून फिल्टरची पूड स्वस्त वाटते ती इथेच फसवते. दुसरं म्हणजे ताजेपणा. दळलेल्या कॉफीचा वास काही आठवड्यांत उतरतो आणि सुपरमार्केटच्या फळीवर पुडी कधीची पडलीय कोण बघतं? एका दुकानातून मी आणलेली पूड पाच महिन्यांपूर्वी पॅक केलेली निघाली, काढ्याला वासच नव्हता.

कावेरीकाठ
तारीख बघून घ्यायची, मागच्या रांगेतली पुडी काढायची. दूध बघताना करतोच की आपण. आणि ऑफर आहे म्हणून अर्धा किलो उचलू नका. दोनशे ग्रॅम आणा, संपली की परत आणा.

डोंगरवाट
मी कोल्हापुरात खोली घेऊन राहतो, फक्त किटली आहे, दूध टेट्रापॅकचं. फिल्टर जमणार नाही. काय घेऊ? आणि पाऊच की बरणी?

पाणपोई
@डोंगरवाट, बिनचिकोरीची साधी इन्स्टंट पूड, ५० ग्रॅमची. फ्रीझ-ड्राइड, म्हणजे गोठवून वाळवलेल्या इन्स्टंट दाण्यांच्या बरणीला पैसे जास्त पडतात आणि दूध-साखरेत तो फरक फारसा उरत नाही. पाऊच घेतलात तर आणल्या दिवशीच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ओता. कोल्हापूरच्या पावसात उघड्या पाऊचमधल्या पुडीचा दगड होतो. चमचा कोरडाच घाला, किटलीच्या वाफेवर बरणी उघडू नका.

सायंतारा
@डोंगरवाट, ५० ग्रॅम ती आणा आणि मिश्रणाची छोटी पुडीही आणा. त्याच दुधात दोन्ही करून बघा, मग इथे येऊन सांगा.