खाणबंदीत थकलेले हप्ते आणि सिबिलचा न्याय

डिचोलीकर
गोव्यातील खाणी 2012 साली बंद पडल्या, मध्यंतरी सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागांत कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांचे हप्ते त्या काळात थकले. 300 ते 900 या पट्टीवर माणसाची पत मोजणाऱ्या सिबिल गुणांकाला हप्ता चुकला एवढेच कळते. तो कशामुळे चुकला, हे कळण्याची सोयच त्यात नाही. पुढे ज्यांनी तडजोडीची रक्कम भरून कर्ज मिटवले, त्यांच्या नावापुढे ‘सेटल्ड’ हा शेरा लागला आणि तोही नव्या कर्जाच्या आड येतो. संपूर्ण टापूवर आलेले संकट अशा रीतीने एकेका माणसाच्या बेजबाबदारपणाची नोंद होऊन बसले आहे.

फोंडेकर
गुणांक नव्हता तेव्हा कर्ज कोणाला मिळत होते, हेही आठवावे. शाखाधिकाऱ्याची ओळख, संचालकाची चिठ्ठी आणि वजनदार जामीनदार ज्याच्यापाशी, त्याला. भाड्याच्या खोलीत राहून शिवणकाम करणाऱ्या बाईला त्या व्यवस्थेत दारातही उभे करत नसत. आकड्याला निदान आडनाव कळत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळतो, आणि चुकीच्या नोंदीची तक्रार 30 दिवसांत न सुटल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. चिठ्ठीवर चालणाऱ्या कारभारात असली दाद कोणाकडे मागणार होता?

डिचोलीकर
ती दाद चुकीच्या नोंदीसाठी आहे. आमच्याकडची नोंद खरी आहे, हप्ता खरोखरच थकला होता; अडचण नेमकी तीच. नोंद खरी असूनही तिच्यावरून काढलेला निष्कर्ष अन्यायाचा असेल, तर त्यासाठी तक्रारीचा रकाना कोठे आहे?

फोंडेकर
समजा, टापू विचारात घेतला. आज ‘हा खाणपट्ट्यातला आहे, सांभाळून घ्या’ म्हणणारे गणित उद्या त्याच पिनकोडवरून ‘येथे जोखीम फार’ असेही म्हणेल, आणि मग ज्याने एकही हप्ता चुकवला नाही असा सांग्यातील तरुणही पत्त्यावरून नाकारला जाईल. अमेरिकेत 1930 च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने दाखवल्या गेल्या, आणि पत्त्यावरून पत ठरवण्याचे ते ठळक उदाहरण ठरले. गणिताला पत्ता शिकवण्याची घाई मला तरी धोक्याची वाटते.

सत्तरीकर
पत्ता शिकवण्याची गरजच नाही. करोनाच्या काळात, मार्च ते ऑगस्ट 2020 या सहा महिन्यांत, रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली आणि ती घेणाऱ्यांची नोंद थकबाकीदार म्हणून होऊ नये, असेही स्पष्ट केले. म्हणजे वरून आदेश आला की हीच यंत्रणा संकट आणि बुडवेगिरी यांत फरक करू शकते. खाणबंदीही सरकार आणि न्यायालय यांच्याच निर्णयांतून आली होती. तिच्यासाठी असा आदेश का निघाला नाही, हा प्रश्न गणिताला नव्हे, माणसांना विचारायचा आहे.

फोंडेकर
हे मान्य, पण ती मुभा हप्ते थकण्याआधी जाहीर झाली होती. इतक्या वर्षांनी कोणता ट्रक खाणीवर धावत होता आणि कोणता रेतीवर, हे ठरवायला पुन्हा कोणाची तरी चिठ्ठीच लागेल.

सत्तरीकर
चिठ्ठी कशाला? खनिज वाहतुकीसाठी ट्रकांची नोंदणी खाण खात्याकडे होत असे. ती कागदपत्रे आधी तपासून पाहावीत.