डिसेंबरची पुण्यातली संध्याकाळ: शेवटी कोण वाजवणार?

प्रेषक: अनिरुद्ध (पुणे)

मंडळी, नमस्कार.

डिसेंबरात पुण्यात कोण कोण असणार याची यादी एकदाची जमली. दरवर्षी मिसळ, गप्पा आणि एका ग्रुप फोटोवर आपण भागवतो, ते यंदा चालणार नाही असं पोरांनी परस्पर ठरवून टाकलंय. आपल्याकडची कॉलेजातली मुलं आणि त्यांचे इथले मित्र मिळून चार बँडची गाणी वाजवणार आहेत: अ‍ॅलिस कूपर, किस, आयर्न मेडन आणि घोस्ट. नुसती गाणी नाहीत, सोंगासकट. गिलोटिन, रंगवलेले चेहरे, बिशपचा झगा, सगळं.

म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रोडवरचं एकही लॉन मिळालं नाही, लग्नसराई आहे. कोथरूडला एका शाळेचं बंदिस्त सभागृह मिळतंय. पडदा दोरीने ओढायचा, विंगा अरुंद, मागे एकच खोली. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, त्यात तडजोड नाही.

दोन गोष्टींवर मत द्या. क्रम कसा लावायचा? आणि पोरांना ज्वाळा हव्यात, त्यांना काय सांगू?

अनिरुद्ध

---

प्रेषक: बापूकाका

चि. अनिरुद्ध,

सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत ठेवू नकोस, एवढी पहिली विनंती. त्या दिवसांत मी कोणाचाच नसतो.

या संगीतातलं मला काही कळत नाही, पण क्रम कळतो. ज्येष्ठ कलाकार शेवटी. भीमसेनअण्णा होते तोवर सवाईत शेवटचं गाणं कोणाचं, हा प्रश्न कोणाला पडला नाही. इंटरनेटवर पाहिलं, तर तो कूपर १९४८चा, म्हणजे माझ्याही आधीचा. मग तोच शेवटी. इतका विचार कशाला करताय?

आवाजाबद्दल बोलत नाही. मी ढोल पथकात होतो, मला तोंड नाही.

बापू

---

प्रेषक: केदार

बापूकाका, नमस्कार.

तुमचा न्याय बैठकीला शंभर टक्के लागू, पण ह्या प्रकाराला नाही. २०२३ आणि २०२४ला आमच्याकडे अमेरिकेत रॉब झोंबी आणि अ‍ॅलिस कूपर यांनी एकत्र दौरा केला, ‘फ्रीक्स ऑन परेड’ नावाचा. सोबत मिनिस्ट्री आणि फिल्टर हे बँड. झोंबी १९६५चा, म्हणजे कूपरपेक्षा सोळा-सतरा वर्षांनी धाकटा, आणि शेवटी झोंबीच. कूपर त्याच्या आधी येऊन गळा कापून घेऊन गेला आणि मानात तसूभर कमी झाला नाही.

सोंगवाल्या बँडचा क्रम मानापेक्षा झाडूवर ठरतो. आधीच्याने रंगमंचावर काय सांडून ठेवलंय आणि पुढच्याला उभं राहायला जागा आहे का, एवढाच प्रश्न. रिचमंडचा ग्वार नावाचा बँड आहे, १९८४ पासून रबरी राक्षसांचे पोशाख घालून समोरच्या रांगांवर नकली रक्ताचे फवारे मारतोय. त्यांच्यानंतर कोणाला वाजवायला लावायचं म्हणजे आधी फरशी पुसायची. किस कागदाचे कपटे उडवायचे. ते मध्यंतराआधी उडाले तर पुढच्या गिटारवाल्याच्या पायाजवळच्या पेडलमध्ये जाऊन बसतात. कूपरचं सामान मात्र आटोपशीर. गिलोटिन चाकांवर आत येतं, मुंडकं पडतं, गिलोटिन बाहेर जातं, आणि हा पांढरा कोट नि उंच टोपी घालून परत हजर. १९७०च्या दशकातलं त्याचं गिलोटिन जेम्स रँडी या जादूगाराने करून दिलं होतं, आणि त्या दौऱ्यात जल्लाद म्हणूनही रँडीच उभा राहायचा. म्हणजे मुळात जादूचा प्रयोग तो, मांडायला आणि आवरायला सुटसुटीत.

आता ज्वाळा. अनिरुद्ध, इथे मी अजिबात मऊ बोलणार नाही.

८ ऑगस्ट १९९२, माँट्रियल. मेटॅलिका आणि गन्स अँड रोझेस एकाच रात्री. मेटॅलिकाकडे ज्वाळांची नवी यंत्रं आली होती. जेम्स हेटफिल्डची समजूत अशी की जुन्यांच्या जागी नवी लावलीत. प्रत्यक्षात जुनीही होती, नवीही होती. तो जुन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि डावा हात भाजून निघाला. कार्यक्रम अर्धवट थांबला, पुढच्या बँडला यायला फार वेळ लागला, तेही लवकर निघून गेले आणि बाहेर दंगल. हे मैदानाएवढ्या स्टेडियममध्ये, पोटापाण्यासाठी हेच काम करणाऱ्या माणसांच्या हातून.

बंदिस्त जागेचं सांगतो. २० फेब्रुवारी २००३, ऱ्होड आयलंडमधलं वेस्ट वॉरविक, छोटा क्लब. ग्रेट व्हाइट या बँडचं पहिलंच गाणं. मागे लावलेल्या फवारा-फटाक्यांच्या ठिणग्या भिंतीवरच्या फोमला लागल्या. फोम आवाज घुमू नये म्हणून चिकटवलेला. सुरुवातीला लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, आणि कळलं तेव्हा बहुतेक जण ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे धावले. शंभर माणसं गेली. आपल्या सभागृहाच्या भिंतींवर काय चिकटवलंय, हे तुम्ही जाऊन पाहिलंय का?

केदार

---

प्रेषक: मंजूताई

मंडळी,

केदारशी सहमत, पण पोरांना नुसतं ‘नाही’ सांगू नका. पोरांची हौस आपल्याच घरातली आहे. आपल्याकडे राक्षस रंगमंचावर कधी गुपचूप आलाय? विष्णुदास भाव्यांनी १८४३ला सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यांच्या मागून पौराणिक नाटकांची जी लाट आली, तिच्यात राक्षस आला की आरडाओरडा, तलवारींचा खणखणाट आणि राळेचे भपके. राळेची भुकटी पेटत्या मशालीवर फेकली की क्षणभर मोठी ज्वाळा उठते आणि विझते. लोकांनी त्या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवलं आणि पुन्हा पुढच्या रांगेत जाऊन बसले. कोकणातल्या दशावतारातला संकासुर बघा, काळा वेश आणि छातीपर्यंत लोंबणारी लाल जीभ. किसच्या त्या जीन सिमन्सचा फोटो आमच्या पुतण्याने दाखवला तेव्हा मी म्हटलं, ह्याला तर मी ओळखते.

तोच सिमन्स तोंडाने आग फुंकायचा. १९७३च्या शेवटच्या रात्री न्यूयॉर्कला पहिल्यांदाच फुंकली आणि केस पेटले, हे पुतण्यानेच सांगितलं, मोठ्या कौतुकाने. मी म्हटलं, बाळा, आपल्या सभागृहाच्या पडद्याला आगीचं वावडं असेल असं कशावरून?

तेव्हा राळ नाही, मशाल नाही, तोंडातलं रॉकेल तर नाहीच नाही. खालून मारलेला केशरी दिवा, त्यापुढे धुराचं यंत्र, आणि पंख्यावर बांधलेल्या रेशमी पट्ट्या. आमच्या संगीत नाटकाच्या ग्रुपने लंकादहन असंच केलं होतं, मागच्या रांगेतल्या आजी उठून उभ्या राहिल्या. आणि धुराचं यंत्र लावण्याआधी सभागृहाच्या धूर-घंटेचं काय ते विचारून ठेवा, नाहीतर पहिल्या गाण्यालाच भोंगा.

रंगभूषेचं मी बघते. पोरं आरशासमोर बसून आधी काळी चांदणी काढतात आणि मग तिच्याभोवती पांढरं भरत बसतात, हे उलटं आहे. आधी पूर्ण चेहरा पांढरा, पातळ हाताने, कानामागे आणि हनुवटीखालीसुद्धा. मग पावडरीचा पफ दाबायचा, घासायचा नाही. जास्तीची पावडर ब्रशने झटकायची. पांढरा बसला की मग काळी रेघ. पावडर चुकवली तर दिव्यांखाली दुसऱ्या गाण्यात काळं गळ्यात येतं. एका चेहऱ्याला पाऊण तास धरा, आणि मागची खोली एकच आहे हे विसरू नका.

मंजू

---

प्रेषक: तन्वी

मंजूआत्या, केदारकाका, अनिरुद्धकाका,

ज्वाळा सोडल्या. थोडं वाईट वाटलं, पण तो दोन हजार तीनचा व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी पाहिला आणि नंतर कोणी काही बोललं नाही.

क्रमाचा खरा घोळ तुम्हाला कोणी सांगितलाच नाहीये: ड्रमर एकच आहे! चारही सेटला तोच. आणि एक गिटारवाला तीन सेटला. मेडनला तीन गिटार लागतात, एड्रियन स्मिथ १९९९ला परत आल्यापासून त्यांच्याकडे तीन आहेत, दोनात ते वाजतच नाही.

तर आम्ही असा विचार केला. मेडनला रंग लागत नाही, जीन्स-टीशर्टवर भागतं. म्हणून मेडन आधी, चेहरे कोरे असताना. मग कूपर, तिथे फक्त गाणाऱ्याचे डोळे काळे. मध्यंतरात किसचे रंग. किसनंतर रंग पुसायला वेळ नाही, पण घोस्टमध्ये गाणारा सोडून बाकी सगळे मुखवट्यात असतात! पांढरा चेहरा मुखवट्याखाली तसाच राहू दे. घोस्टची मूळ गंमतच ती आहे की मुखवट्यामागे कोण ते कळू द्यायचं नाही. गाणारा टोबियास फोर्ज आहे हे लोकांना अंदाजाने माहीत होतं, पण उघड झालं ते २०१७ला, जुन्या साथीदारांनी स्वीडनमध्ये त्याच्यावर खटला भरला तेव्हा.

म्हणून शेवटी घोस्ट. बापूआजोबा, सॉरी, कूपरआजोबा दुसरे.

मेडनचा एडी, म्हणजे त्यांचं ते अक्राळविक्राळ भूत, गणपतीत हलते देखावे करणाऱ्या एका काकांकडून करून घेतोय. धड बांबूचं, जबडा दोरीने उघडतो. विंगेतून आत येताना शिंगं अडकतात, त्यावर काम चालू आहे.

एक विनंती आहे. घोस्टच्या गाण्यांत लॅटिन कोरस असतात, चर्चमधल्यासारखे. मंजूआत्या, तुमच्या नाट्यगीतवाल्या बायका गातील का? शब्द देवनागरीत लिहून देते.

तन्वी

---

प्रेषक: मंजूताई

तन्वी, गातील. पण शब्दांचा अर्थ आधी मला पाठव. सैतानाची आरती असेल तर आमच्यातल्या दोघी गाणार नाहीत, आणि तिघी त्यासाठीच येतील.

मंजू

---

प्रेषक: बापूकाका

चि. तन्वीस आशीर्वाद.

ड्रमर एकच आहे हे आधी सांगितलं असतंत तर मी ज्येष्ठतेचा मुद्दा काढलाच नसता. साथीदाराची सोय आधी बघायची, हे तबलजी असलेल्या कोणत्याही घरात कळतं. त्या मुलाला मध्यंतरात रंग लावायला बसवाल तेव्हा आधी खायला घाला.

केदार, २००८च्या फेब्रुवारीत आमच्या शेजारचा मुलगा तुझ्या त्या मेडनसाठी मुंबईला गेला होता. परत आला तो गाण्याबद्दल बोलेच ना. गाणाराच विमान चालवत आला, बोइंग ७५७, बँड आणि सामानसुमान सगळं त्याच विमानात, हेच आठवडाभर ऐकवत होता. खरं का हे?

बापू

---

प्रेषक: केदार

खरं आहे, काका. त्यांचा गाणारा ब्रूस डिकिन्सन तेव्हा व्यावसायिक वैमानिक होता. त्या जगदौऱ्याची सुरुवातच मुंबईत झाली, १ फेब्रुवारी २००८ला. सामान वेगळ्या मालवाहू विमानाने आणलं की खर्च आणि दिवस दोन्ही वाढतात, मग आपल्यासारखी गावं दौऱ्यातून गळतात. एकाच विमानात सगळं कोंबल्यामुळे मुंबई त्यांच्या नकाशावर आली.

केदार

---

प्रेषक: अनिरुद्ध (पुणे)

मंडळी,

क्रम पक्का: मेडन, कूपर, मध्यंतर, किस, घोस्ट. तारीख सवाई संपल्यानंतरचा शनिवार. सुरुवात साडेपाचला, म्हणजे साडेनऊला शेवटचं गाणं आणि दहाच्या आत प्लग काढलेला. किसचे कागदी कपटे घोस्टच्या शेवटी उडतील, झाडू केदारच्या हातात दिलाय. मुद्दा त्याने काढला, तोच झाडेल.

सभागृहात जाऊन आलो. भिंतीवर फोम नाही, साधा प्लास्टर आहे. मागचं दार मात्र कुलूपबंद होतं आणि दारापुढे मोडक्या बाकांचा ढीग. बाकं हलवून कुलूप काढून देणार असतील तरच पैसे भरतो, असं व्यवस्थापकांना सांगून आलोय. धूर-घंटा नाहीच, त्यामुळे भोंग्याची भीती नाही आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही. आग विझवायची दोन नळकांडी आपण भाड्याने आणू, आणि दोन्ही दारांशी एकेक मोठा माणूस उभा राहील. बापूकाका, मागचं दार तुमचं. तिथे आवाजही कमी येतो.

लहान मुलांना आणणाऱ्यांनी कानाला लावायचे मफ आणा, कापसाचे बोळे पुरत नाहीत. गिलोटिनला घाबरणारं पोर असेल तर त्याला मध्यंतराआधीची पंधरा मिनिटं बाहेर फिरवून आणा. मुंडकं पडलं की लगेच पडदा आणि लगेच बटाटेवडे, असं तन्वीने ठरवलंय. वड्यांची ऑर्डर गुरुवारी द्यायची आहे, तेव्हा किती जण येताय ते बुधवारपर्यंत कळवा. उपवासवाले वेगळे सांगा.

अनिरुद्ध