जागतिक तायक्वांदो स्पर्धेत लाथेपेक्षा दंड जड का ठरतो?

नवा प्रेक्षक

गेले काही महिने मी जागतिक तायक्वांदो अजिंक्यपद स्पर्धेतील जुन्या लढतींची चित्रणे क्रमाने पाहत आहे. मी स्वतः हा खेळ कधी खेळलेलो नाही, त्यामुळे माझा प्रश्न जाणकारांना प्राथमिक वाटण्याची शक्यता आहे.

2019 साली मँचेस्टर येथे झालेल्या स्पर्धेतील, महिलांच्या 73 किलोवरील गटाचा अंतिम सामना पाहून मी अस्वस्थ झालो. चीनची झेंग शुयिन गुणांमध्ये स्पष्टपणे पुढे होती. मात्र ब्रिटनची बियांका वॉकडेन तिला सतत रेषेबाहेर रेटत राहिली आणि झेंगच्या नावावर दहा दंड जमा होताच तिला बाद ठरवून सुवर्णपदक वॉकडेनला देण्यात आले. पदक स्वीकारताना झेंगला अश्रू आवरले नाहीत. जी खेळाडू जास्त लाथा अचूक मारते तीच हरते, असे नियम मुळात का केले गेले? तसेच पुरुष आणि महिला यांना नियम सारखेच असतात का, आणि या स्पर्धेचे वजनगट ऑलिंपिकच्या वजनगटांशी का जुळत नाहीत, हेही जाणून घ्यायचे आहे.

क्योरुगी प्रशिक्षक

आपला प्रश्न प्राथमिक मुळीच नाही. त्या सामन्यानंतर प्रशिक्षकांमध्येही हीच चर्चा दीर्घकाळ चालली होती.

प्रथम दंडाविषयी सांगतो. रेषेबाहेर जाणे, पडणे, लढत टाळणे, प्रतिस्पर्ध्याला धरणे, कमरेखाली मारणे अशा चुकांना ‘गाम-जोम’ दिला जातो आणि प्रत्येक गाम-जोममागे प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. रेषेबाहेर जाण्याला दंड ठेवण्यामागचा हेतू योग्यच आहे. तो नसता तर आघाडीवर असलेला खेळाडू उरलेला सारा वेळ मागे सरकत काढू शकला असता आणि लढत पाहण्यासारखी उरली नसती. अडचण त्या नियमात नव्हती. ती दोन गोष्टींच्या मिश्रणात होती, असे माझे मत आहे. एक तर तिन्ही फेऱ्यांचे गुण आणि दंड एकत्र मोजले जात, आणि दुसरे म्हणजे संपूर्ण सामन्यात दहा दंड झाले की गुणफलक काहीही सांगत असला तरी खेळाडू बाद होत असे. त्यामुळे गुणांत मागे असलेल्या खेळाडूला लाथेखेरीज दुसराही एक मार्ग उपलब्ध होता आणि वॉकडेनने नेमका तोच वापरला. तिने नियम मोडून पदक मिळवले असे म्हणता येणार नाही. नियमात फट होती आणि ती तिने ओळखली.

2022 साली ही रचना बदलण्यात आली. आता प्रत्येक फेरी स्वतंत्र मोजली जाते, दोन फेऱ्या जिंकणारा सामना जिंकतो आणि पुढची फेरी पुन्हा शून्यापासून सुरू होते. एका फेरीत पाच दंड झाले तर ती फेरी हातची जाते, परंतु सामना लगेच संपत नाही. त्याच वर्षी मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे झालेली जागतिक स्पर्धा या पद्धतीने खेळली गेली. आपण ती मँचेस्टरच्या स्पर्धेशेजारी ठेवून पाहावी. शेवटच्या अर्ध्या मिनिटातील खेळाडूंची देहबोलीच बदललेली दिसेल, कारण मोठी आघाडी जपत मागे सरकत राहण्यातला फायदा आता त्या एका फेरीपुरताच उरतो.

माजी खेळाडू

मी महिला गटात बरीच वर्षे खेळले आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते.

नियम, फेऱ्यांचा कालावधी आणि गुण पुरुष व महिला यांना समान असतात. फरक प्रामुख्याने होगूमध्ये, म्हणजे छातीवरील संरक्षक कवचात असतो. त्यातील संवेदकाने गुण नोंदवण्यासाठी आघात किमान किती जोराचा असावा, हे प्रत्येक वजनगटासाठी आणि पुरुष व महिलांसाठी वेगवेगळे ठरवलेले असते. पॅरिस 2024 मध्ये लागू असलेल्या नियमांनुसार छातीवरील ठोशाला 1, छातीवरील लाथेला 2, डोक्यावरील लाथेला 3, गिरकी घेऊन छातीवर मारलेल्या लाथेला 4 आणि गिरकी घेऊन डोक्यावर मारलेल्या लाथेला 5 गुण होते. ठोसा आणि गिरकीचे जादा गुण यंत्र देत नाही. ते कोपऱ्यांतील पंचांनाच द्यावे लागतात.

पुढचा पाय उचलून धरत दोन खेळाडू तलवारबाजांसारखे एकमेकांना अडवत राहतात, हे आपण पाहिले असेलच. अनेक जुन्या खेळाडूंना ते आवडत नाही. मी हाती गुण देण्याच्या काळात खेळायला सुरुवात केली. तेव्हा लाथेचा आवाज मोठा आणि प्रतिस्पर्धी जागचा हललेला असावा लागे, नाहीतर पंचांचे बोट गुणाच्या कळीवर जातच नसे. संवेदक आल्यावर आमचा सराव वर्षभरातच बदलला. जोरदार मागच्या पायाऐवजी चपळ पुढचा पाय महत्त्वाचा झाला आणि ते स्वीकारणे मला जड गेले. तरीही मी जुनी पद्धत परत मागणार नाही. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनने चीनच्या चेन झाँगच्या डोक्यावर मारलेली लाथ पंचांनी मोजली नव्हती. स्टीव्हन्सनच्या संघाने दाद मागितल्यावर चित्रण तपासून सामन्याचा निकाल फिरवावा लागला. त्यानंतर 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इलेक्ट्रॉनिक होगू आणि चित्रण-फेरतपासणी दोन्ही आले. मानवी नजरेतून लाथ सुटते, हे मी प्रत्यक्ष सोसलेले आहे. माझ्या एका उपांत्य सामन्यात डोक्यावर बसलेली लाथ कोणाही पंचाला दिसली नव्हती.

महिलांच्या सहभागाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पहिली जागतिक स्पर्धा 1973 साली सोल येथील कुक्कीवॉन या तायक्वांदोच्या मुख्यालयात झाली, तेव्हा फक्त पुरुष खेळले. महिलांचे सामने या स्पर्धेत 1987 साली बार्सिलोना येथे प्रथम झाले, म्हणजे तब्बल चौदा वर्षांनी. त्यानंतरची वाटचाल मात्र वेगवान होती. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये तायक्वांदो प्रात्यक्षिक खेळ होता आणि त्यात पुरुषांइतकेच महिलांचेही गट होते. 2000 साली सिडनीत तो अधिकृत पदकाचा खेळ झाला तेव्हाही दोघांना चार-चार सुवर्णपदके होती. 2016 मध्ये रिओत किमिया अलीजादेहने 57 किलो गटात कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक जिंकणारी ती इराणची पहिली महिला ठरली. ती लढत मी उभ्याने पाहिली होती.

वजनकाटा

तिसरा प्रश्न राहिला आहे, त्याचे उत्तर देतो.

जागतिक स्पर्धेत पुरुषांचे आठ गट आहेत (54, 58, 63, 68, 74, 80 आणि 87 किलोपर्यंत व 87 वरील) आणि महिलांचेही आठ (46, 49, 53, 57, 62, 67 आणि 73 किलोपर्यंत व 73 वरील). ऑलिंपिकमध्ये एकूण खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असल्याने हे गट निम्मे केले गेले: पुरुषांसाठी 58, 68, 80 आणि 80 वरील, महिलांसाठी 49, 57, 67 आणि 67 वरील. याचा भार मधल्या गटांतील खेळाडूंवर पडतो. 62 किलोची जागतिक विजेती ऑलिंपिकसाठी एकतर पाच किलो उतरवते किंवा आपल्याहून उंच आणि वजनदार मुलींच्या 67 किलो गटात जाते. कोरियाचा ली डे-हून हे याचे उत्तम उदाहरण आहे. 2011 आणि 2013 मध्ये तो 63 किलोत जगज्जेता होता, परंतु तो गट ऑलिंपिकमध्ये नसल्याने 2012 मध्ये तो 58 किलोत खेळून रौप्यपदक विजेता ठरला, आणि 2016 मध्ये 68 किलोत खेळून त्याने कांस्यपदक घेतले. म्हणून या खेळातील सर्वोत्तम खेळाडू कोण हे ठरवताना मी ऑलिंपिकपेक्षा जागतिक स्पर्धेला अधिक वजन देतो. तेथे खेळाडू आपल्या नैसर्गिक वजनाच्या जवळ राहून लढू शकतो.

आणखी एक फरक आहे. जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्यपदक मिळते. ऑलिंपिकमध्ये तसे होत नाही. अंतिम फेरी गाठणाऱ्यांकडून आधी हरलेल्यांना पुन्हा संधी मिळते आणि कांस्यपदकासाठी वेगळी लढत होते.

नवा प्रेक्षक

सर्वांचे मनापासून आभार. आता मँचेस्टरचा सामना पुन्हा पाहिला आणि राग बराच ओसरला, तरी झेंगविषयीची हळहळ तशीच आहे. एक शंका उरली. नव्या पद्धतीत एखादी फेरी समान गुणांवर संपली तर काय होते?

क्योरुगी प्रशिक्षक

जादा फेरी होत नाही. गिरकीच्या लाथांतून कोणाला अधिक गुण मिळाले हे प्रथम पाहिले जाते. तेही समान असतील तर अधिक मोलाच्या फटक्यांतून मिळालेले गुण क्रमाने तपासतात, म्हणजे आधी डोके, मग छातीवरील लाथ, मग ठोसा, आणि प्रतिस्पर्ध्याच्या दंडातून मिळालेले गुण सर्वांत शेवटी. पुढच्या वेळी 4-4 वर संपलेली फेरी दिसली की चित्रण थोडे मागे नेऊन ते चार गुण कशाकशातून आले ते मोजा.