पोस्तोयनाच्या गुहेबद्दल थोडी भर

"आगगाडीत बसून दगड बघायचे, त्यात एवढं काय?" हा या गुहेबद्दल कुणीतरी विचारलेला प्रश्न वाचून राहवलं नाही. स्लोव्हेनियातल्या पोस्तोयनाच्या गुहेत आगगाडी आहे, पण ती फक्त आत जायला आणि बाहेर यायला. मधला दीड-एक किलोमीटर पायी असतो आणि खरी गुहा तिथेच भेटते.

गाडीत छत इतकं खाली येतं की डोकं आपोआप झुकतं. वारा झोंबतो, कारण आत बाराही महिने तापमान १० अंशांच्या आसपास असतं. भर उन्हाळ्यातही जाडसर जॅकेट न्याच. चपला नकोत, वाट ओली असते.

चालताना एका अधोमुखी लवणस्तंभाच्या (छतावरून खाली लोंबणाऱ्या चुन्याच्या सुळक्याच्या) टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला दिसला. मी थांबून पाहत राहिले. थेंब फुगला, थरथरला, पडला. त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत गेला की पाण्यात विरघळलेल्या चुन्याचा कणभर थर मागे राहतो. अशा थेंबांनी माणसाहून उंच खांब उभे राहिलेत! म्हणूनच हात लावू नका असं कळकळीने सांगते. बोटांचं तेल लागलं की तिथे नवा थर नीट धरत नाही, डाग राहतो तो वेगळाच.

आणि शेवटी प्रोटियस हा गुहेतल्या पाण्यात राहणारा उभयचर प्राणी बघायला विसरू नका. फिकट गुलाबी, आंधळा, बाहेर कल्ले असलेला हा जीव खाण्याविना वर्षानुवर्षं तग धरतो. फ्लॅश मात्र अजिबात मारू नका, त्याला उजेडाचा त्रास होतो.