प्राग दोन दिवसांत पाहणाऱ्या पोरांना नावं ठेवण्याआधी

एल्बेकाठी
परवा या फोरमवर कर्वेरोडकर काकांनी लिहिलेलं वाचून गप्प बसणार होते, पण राहवत नाही. त्यांचा भाचा ड्रेस्डेनला शिकतो. त्याच्या ग्रुपमधली मराठी पोरं शनिवारी सकाळच्या बसने प्रागला गेली आणि रविवारी रात्री परतली. त्यावर काकांचं म्हणणं असं, की हे पर्यटन नव्हे, हजेरी लावणं आहे. बापाने कर्ज काढून शिकायला पाठवलंय, कमवायला लागलात की आठवडाभर सवडीने जा.

मीही ड्रेस्डेनलाच मास्टर्स करतेय. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच भरलेले पैसे, महिन्याला ठराविकच काढता येतात) महिन्याला 992 युरो हातात येतात. त्यात खोलीचं भाडं, आरोग्य विमा, किराणा भागवायचा. इथून प्राग रेल्वेने अडीच तासांच्या आत, आणि आधी बुक केली तर बस त्याहून स्वस्त. होस्टेलच्या एका खोलीत आठ बंक, आठही आपलीच पोरं, रात्री तिथल्याच स्वयंपाकघरात मुगाची खिचडी. यात कुणाचं घर गहाण पडलं?

आणि "कमवायला लागल्यावर जा" हे कुणाला सांगताय? विद्यार्थ्याच्या रेसिडेन्स परमिटवर शेंगेनमधल्या (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या गटातल्या) इतर देशांत 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. याच पोरांतली एखादी मुलगी परत जाऊन पुण्यात नोकरीला लागली, की याच प्रागसाठी 90 युरो व्हिसा फी, बँक स्टेटमेंट, रजेचं पत्र, हॉटेलचं बुकिंग आणि अपॉइंटमेंटसाठी ताटकळणं. दार उघडं आहे तोवर आत जाऊन यायचं नाही?

दोन दिवसांत काय दिसतं म्हणता ना? रेसलोवा रस्त्यावर सिरिल आणि मेथोडियस यांचं चर्च आहे. मे 1942 मध्ये नाझी अधिकारी हायड्रिखवर हल्ला करणारे, पॅराशूटने उतरलेले चेकोस्लोवाक सैनिक आणि त्यांचे साथीदार तिथे लपले होते. 18 जूनला नाझींनी वेढा घातला. सात जण होते, एकही शरण आला नाही. फुटपाथवरूनच तळघराची छोटी आडवी खिडकी दिसते. तिच्याभोवतीचा गोळ्यांनी उडालेला दगड तसाच ठेवलाय. त्याच फटीतून आत पाणी सोडलं होतं. आमच्यातला एक मुलगा, ज्याला इतिहास म्हटलं की झोप येते, तो त्या खळग्यांवरून हात फिरवत उभा राहिला आणि परतीच्या बसमध्ये सगळ्यांना प्रश्न विचारून हैराण केलं. ही हजेरी नाही, काका.

कर्वेरोडकर
ताई, मी फिरण्याच्या विरुद्ध नाही. झुंडीने फिरण्याच्या विरुद्ध आहे. भाच्याने पाठवलेले फोटो पाहिलेत मी. जुन्या चौकातलं 1410 चं घड्याळ, तास पडताना वर माना करून उभी गर्दी. तो बाहुल्यांचा खेळ मिनिटभरही चालत नाही. मग चार्ल्स पूल, मग लेनन भिंत, मग बिअरचे ग्लास.

तुमच्यापैकी किती जणांनी पिंकास सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ, पाहिलं? ते ज्या ज्यू संग्रहालयाचा भाग आहे ते शनिवारी बंद असतं, आणि रविवारी तुमची परतीची घाई. त्या भिंतींवर बोहेमिया-मोरावियातून (आजच्या चेक देशातून) नाझींनी नेऊन मारलेल्या सुमारे 78,000 माणसांची नावं लिहिली आहेत. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या नाझी छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. आणि ते तेरेझीन तुमच्या वाटेवरच आहे, ड्रेस्डेन आणि प्रागच्या मध्ये. बस तिथून जाते तेव्हा निम्मी पोरं झोपलेली असतात.

कर्जाचंही बोलतो. भाच्याच्या कर्जावर सहअर्जदार म्हणून माझी सही आहे. हप्त्याचा मेसेज माझ्या फोनवर येतो. मला बोलायचा हक्क आहे.

हिशोबवही
जाणाऱ्यांसाठी एक कामाचं. रस्त्यात "एक्स्चेंज?" म्हणत येणाऱ्या माणसाकडून एक नोट घेऊ नका. पैसे बदलण्याच्या दुकानात फसलात, तर 2019 पासून तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करून पैसे परत मागता येतात. पावती मात्र जपून ठेवा. शहाणपण म्हणजे कार्डच वापरा.

सातपूरवाला
पैशांवरून आठवलं. आमच्या ग्रुपला मेट्रोत दंड झाला. तिकिटं काढलेली होती, खिशात होती! साध्या कपड्यातला माणूस आला, बिल्ला दाखवला, म्हणाला शिक्का नाही. ना गेट, ना कुणी सांगणारं. परक्या पोरांना धरून वसुली करायची पद्धत आहे ही. गोऱ्या आजीबाईला विचारलंसुद्धा नाही त्याने.

व्लतावाकाठची
मी प्रागमध्ये नोकरी करते, राहते. मेट्रोच्या तोंडाशी पिवळी मशीन असतात, तिकीट त्यात घालून शिक्का मारायचा. शिक्का नसलेलं तिकीट उद्याही वापरता येतं, म्हणूनच ते तिकीट न काढल्यासारखं धरतात. माझ्या ऑफिसमध्ये भारतीय पोरं हसत हसत सांगतात, की शिक्का न मारता दोन दिवस एकाच तिकिटावर काढले. याला फुकटेपणा म्हणतात. आणि त्याची शिक्षा इथे राहणाऱ्या आम्हाला मिळते. तपासनीस आला की आधी माझ्याकडे बघतो.

सातपूरवाला
फुकटे कुणाला म्हणताय? पैसे मोजून घेतलेलं तिकीट होतं! आम्ही ड्रेस्डेनला विद्यार्थी तिकिटावर फिरतो, तिथे कुणी शिक्का मारत नाही.

व्लतावाकाठची
ड्रेस्डेनलाही कागदी तिकिटावर शिक्का मारावाच लागतो. तुम्ही पासवर फिरता म्हणून कधी वेळ आली नसेल. नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

कर्वेरोडकर
ऐका! मी हेच म्हणत होतो. जिथे जायचं तिथली गाडी कशी चालते एवढंही न वाचता निघायचं.

एल्बेकाठी
काका, एका ग्रुपच्या दंडावरून सगळ्या पोरांना झोडू नका. आणि व्लतावाकाठची, आजीबाईला का विचारलं नाही याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. तपासनीस आधी तुमच्याकडे बघतो हे तुम्हीच लिहिलंय. मग चीड त्याची यायला हवी, की शिक्का विसरलेल्या पोराची?

व्लतावाकाठची
दोघांची येते. तपासनिसाने रंग बघून माणूस निवडू नये, हे खरंच. पण मध्यरात्रीच्या ट्राममध्ये मोबाइलवर गाणी लावून नाचणारा आपला घोळका मी पाहिलाय. शेजारी ड्युटीवरून परतणारी थकलेली बाई बसली होती. मी मराठीत "हळू" म्हटलं तर उत्तर आलं, "मावशी, तुम्हीपण या." या शहराने 2024 मध्ये रात्रीच्या आयोजित पब फेऱ्या बंद केल्या, त्या उगाच नाही. इथे माणसं राहतात.

एका मुलीची आई
मला शिक्क्याचं कळत नाही, भीतीचं कळतं. माझी लेक अशीच प्रागहून परतत होती. सीमेवर पोलीस बसमध्ये चढले. तिच्या मैत्रिणीकडे रेसिडेन्स कार्ड होतं, पासपोर्ट खोलीवर राहिलेला. तिला रात्री उतरवलं. माझी मुलगी तिला एकटी सोडायची नाही म्हणून सोबत उतरली. बाकीची पोरंही उतरली, बस सोडून दिली सगळ्यांनी. खोलीवर राहिलेल्या मुलीने पासपोर्टचे फोटो पाठवले, पहाटे सुटका झाली. कर्वेरोडकर, ज्याला तुम्ही झुंड म्हणता ना, ती त्या रात्री माझ्या मुलीजवळ होती म्हणून मी झोपू शकले. एकटीने आठवडाभर सवडीने जाण्यापेक्षा मला ही झुंड बरी.

कर्वेरोडकर
वहिनी, यावर मी काय बोलणार. पोरांनी केलं ते चांगलंच केलं. पण पासपोर्ट खोलीवर ठेवून देशाबाहेर निघणं हा बेफिकीरपणाच आहे, आणि ग्रुपमध्ये प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितलं असेल.

सातपूरवाला
जर्मनीने चेक सीमेवर 2023 च्या ऑक्टोबरपासूनच तपासणी सुरू केली, 2024 पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर. 2023 च्या आधी फारसं कुणी हटकत नव्हतं. जुन्या पोरांनी "काही लागत नाही" सांगितलेलं नवी पोरं ऐकतात.

हिशोबवही
तपासणी असो नसो, पासपोर्ट जवळ लागतोच. रेसिडेन्स कार्ड त्याच्या जोडीनेच चालतं.

एल्बेकाठी
काकांचा एक मुद्दा मान्य. शनिवारी ज्यू संग्रहालय बंद असतं हे आमच्या यादीत कुणीच तपासलं नव्हतं. पुढची बॅच ऑक्टोबरमध्ये जाईल, तिच्यासाठी बेत असा लिहून दिलाय: शनिवारी किल्ला आणि रेसलोवा, रविवारी सकाळी उघडताच पिंकास, परतीची बस संध्याकाळची. घड्याळासमोर तासभर उभं राहणं काढून टाकलंय. तेरेझीनला मात्र वेगळा दिवस द्यावा लागेल, आणि तेव्हा तुम्ही परत म्हणणार, अभ्यास सोडून फिरतात.

कर्वेरोडकर
म्हणेन. पण हा बेत भाच्याला पाठवतो. तेरेझीनच्या दिवसाचा खर्च माझ्याकडून, हप्त्यात धरायचा नाही.

सातपूरवाला
सगळं ठरलं, छान. पण "फुकटे" हा शब्द अजून मागे घेतलेला नाही.

व्लतावाकाठची
तुमच्यापुरता घेते. एकाच तिकिटावर दोन दिवस काढणाऱ्यांसाठी तो तसाच राहील.